कोणते आबा?

फोन घ्यायचा होता आईसाठी, आणि त्याने एकच काम करायचं होतं. आईने तोंडाने सांगितलं, की लगेच आबांना फोन लागला पाहिजे. बस. तिला फोटो काढायचे नव्हते, सिनेमे बघायचे नव्हते, गेम खेळायचे नव्हते. पण एवढं साधं वाक्य कुणालाही सांगायला गेलं की समोरचा विचारायचा, "हो, पण कॅमेरा किती मेगापिक्सल पाहिजे?" शेवटी शेवटी तर मेगापिक्सल हा शब्द ऐकला की माझ्या कपाळात कळ यायची.

आई-आबा धुळ्याला राहतात, देवपुरात. मी जळगावला, एका कॉलेजच्या ऑफिसात. दादा पुण्याला. आईला साखर. साखरेने आधी तिचे डोळे नेले आणि मग बोटांची जाण. डोळे गेले तरी ती डगमगली नव्हती. तिच्या बटणांच्या फोनवर पाचाच्या बटणावर एक बारीक टेंगूळ होतं, त्याच्या वरचं बटण दाबून धरलं की आबा, खालचं दाबलं की मी. बिचारी अंगठ्याने चाचपून बरोबर फोन लावायची. पण बोटं बधिर झाली आणि ते टेंगूळही तिला लागेनासं झालं. एकदा तिने गॅसवाल्याला आबा समजून चांगलं फैलावर घेतलं, "कोठे फिरी राह्यनात, आंग धवानं पानी थंडं व्हई गयं," आणि तो गडी बिचारा हो हो म्हणत राहिला.

आणि आबा. आबा एस.टी.त कंट्रोलर होते, धुळ्याच्या स्टँडवर माईकवरून गाड्या पुकारायचे. साक्री, शिरपूर, दोंडाईचा, नवापूर, सगळ्या गाड्यांच्या वेळा तोंडपाठ. तो माणूस विसरायला लागला. आधी चष्मा, मग जेवलो की नाही ते, मग घराचा रस्ता. कोंडून ठेवलं तर दार बडवतात, शेजारपाजार गोळा होतो. जळगावला माझ्याकडे आणून पाहिलं, तर तिथे कोपऱ्यावर जाऊन हरवले. धुळ्यात निदान चार माणसं ओळखतात. गळ्यात दोरीला बांधलेला एक जुना फोन असतो, तो तेवढा त्यांनी मान्य केलाय. दुसरं काही घातलं, दादाने पाठवलेलं, कुठे आहेत ते दाखवणारं घड्याळ घातलं, तर काढून फेकतात. फोन वाजला की हिरवं बटण दाबून कानाला लावतात, हे अजून त्यांच्या हाताला येतं. बोलत मात्र नाहीत. आधी समोरचा कोण ते ऐकायचं, ही स्टँडवरची जुनी सवय. आपण बोललो, की मग कुठे आहेत ते सांगतात, नाहीतर जवळचा कुणी भला माणूस फोन घेतो. मग कुणीतरी जाऊन आणायचं.

सकाळी एक बाई कामाला येते, ती गेली की दिवसभर घरात दोघंच. एकीला दिसत नाही, एकाला आठवत नाही. सगळा संसार त्या एका फोनवर तरंगत होता, आणि तो फोन आईला लावता येत नव्हता. रोज ऑफिसात माझा जीव टांगणीला. आई मला तरी कसा फोन करणार? मीच दर तासाला करायची. तिने उचलला तर ठीक, नाही उचलला तर साहेबांच्या समोर बसूनच परत परत लावायची.

तर फोन. बोलून लागणारा फोन.

दादाचं म्हणणं, सफरचंदवालाच घ्यायचा. दादा स्वतः तोच वापरतो, वहिनी तोच, त्यांच्या सोसायटीत लिफ्टमधे सगळ्यांच्या हातात तोच. "एकदा घेतला की बघायला नको. बाकीचे सगळे डबे आहेत." मी म्हटलं, "अरे, तो आईशी मराठीत बोलेल का?" तर म्हणाला, "आईला हिंदी येतं की." आईला हिंदी येतं, हो. भाजीवाल्याशी भांडण्यापुरतं.

माझा नवरा अँड्रॉइडवाला. त्यांचं म्हणणं, अँड्रॉइडच घ्या, पण कोरियन घ्या, चिनी घेऊ नका. ऑफिसात अकाउंटवाले म्हणाले चिनीच घ्या, कोरियन तापतो. लायब्ररीतल्या मॅडम म्हणाल्या की त्यांच्याकडे दोन्ही होते आणि दोन्ही तापायचे. रात्री जेवताना हे मोबाईलवर मला व्हिडिओ दाखवायचे. त्यात कुणीतरी पोरगा दोन फोन एकमेकांशेजारी ठेवून खोका उघडल्यापासून बोलत सुटलेला. प्रोसेसर असा, रॅम अशी, पडदा सेकंदाला इतक्या वेळा हलतो. मी म्हणायची, "अहो, माझ्या आईला पडदा दिसत नाही!" तर म्हणे, "असू दे, पण घेताना चांगलंच घ्यावं." कान किटले माझे. भाजी जळायची त्या व्हिडिओपायी.

दादाचं आणि ह्यांचं तर फोनवर जुंपायचं. मधे मी. दादा पुण्याहून लिंक पाठवायचा, हे त्याच्यावर जळगावहून लिंक पाठवायचे, आणि दोघंही मला विचारायचे, "वाचलंस का?" एका रविवारी मी ओरडले दोघांवर. म्हटलं, तुम्हाला काय लग्न जमवायचंय का त्या फोनचं? कुळ, गोत्र, पत्रिका? आई तिकडे अंधारात बसलीय. दादा म्हणाला, "मग तूच ठरव." म्हणजे झालं. एवढा काथ्याकूट करून शेवटी माझ्याच गळ्यात.

शनिवारी मी सकाळच्या गाडीने धुळ्याला गेले. शेजारच्या काकांना आबांपाशी बसवलं आणि आईला रिक्षात घालून आग्रा रोडला आणलं. दुकान तिच्या ओळखीचं, म्हणजे दुकानदाराच्या वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं तेव्हापासूनचं. मुसलमान माणूस, साठीच्या आतबाहेरचा, आईला अक्का म्हणतो आणि आमच्याइतकीच चांगली अहिराणी बोलतो. त्याने आईला खुर्ची दिली, पंखा तिच्याकडे वळवला.

"बोला अक्का, कोनता पाहिजे?"

"जो मनं आयकी त्यो," आई म्हणाली.

त्याने काउंटरवर फोन मांडले. सफरचंदवाला, कोरियन, दोन चिनी. सफरचंदवाला लवकर निकालात निघाला. निदान त्या दिवशी, त्या दुकानात, त्याला मराठीत बोललेलं चालेना. दुकानदार म्हणाला, "अक्का, हिंदीमा बोला." आईने डोक्यावरचा पदर नीट ओढला, तोंड जरा बाजूला केलं आणि म्हणाली, "भैय्या, आबाले फोन लगाव." मी कपाळाला हात लावला. दुकानदार हसला नाही, हे त्याचं चांगलं. त्याने तो फोन पुसून परत काचेच्या कपाटात ठेवला.

मग अँड्रॉइड. त्यातून मराठी बाईचा आवाज आला तेव्हा आई दचकली. "ही कोन व?" मी म्हटलं, "फोनमधली आहे. तुला जे पाहिजे ते तिला सांगायचं."

"कोठली शे?"

"कुठली नाही गं. मशीन आहे."

"मशीन शे त्ये समजनं मले. पन बोलस चांगली. शिकेल दिसस." आणि मग फोनच्या अंगाने जरा झुकून तिने विचारलं, "बाई, जेवनी का तू?" बाई म्हणाली, मी जेवत नाही, पण तुम्हाला जवळची खानावळ दाखवू शकते. आईला ते इतकं आवडलं की पुढे कोरियन का चिनी हा प्रश्नच उरला नाही. ज्या फोनमधे ती बाई आधी बोलली तो घेतला. कुठल्या कंपनीचा ते मी दादाला सांगितलं नाही आणि नवऱ्यालाही नाही. एवढे दिवस डोकं उठवलं होतं ना, आता बसा म्हटलं.

संध्याकाळी देवपुरात बसून मी सगळं लावलं. फोनला कुलूप नाही, बोललं की लगेच ऐकतो, आवाज स्पीकरवर. दादाने पुण्याहून काय काय करून आईचे जुने सगळे नंबर त्यात घातले. झालं, म्हटलं. आईच्या हातात फोन दिला.

"बाई," आई म्हणाली, "आबाले फोन लाव."

बाई म्हणाली, "कोणते आबा?" आणि यादी वाचायला लागली. आबा असोदा. आबा दीपनगर. आबा पिठाची गिरणी. आबा मुक्ताईनगर. आबा नवे. आबा.

मला हसावं की रडावं कळेना. आमच्याकडे पन्नाशी उलटलेला प्रत्येक माणूस आबा नाहीतर नाना. असोद्याचे आबा म्हणजे आईचे मामेभाऊ, दीपनगरचे व्याही, गिरणीवाल्याला तर सगळी गल्लीच आबा म्हणते. "आबा नवे" म्हणजे कोण ते आईलाही सांगता येईना. एवढ्या आबांमधले आमचे आबा पलीकडे पलंगावर बसून उशीच्या खोळीची टोकं जुळवत होते. गळ्यातला फोन वाजला नाही. वाजला असता तर तो असोद्याला.

मी म्हटलं, सोपं आहे, बाकीचे आबा काढून टाकू. आई म्हणाली, "असोदाना आबाले काढू नको व, नातं शे." म्हटलं नातं नाही काढत, नंबर काढतेय. सगळे आबा एकेक करून उडवले. सकाळी उठून पाहते तर सगळे परत आपापल्या जागी. दादा म्हणाला, ते वरून परत येतात, ढगात असतात. मी म्हटलं, ढगातून उतरव त्यांना. तो म्हणाला, ऑफिसच्या कामात आहे, रात्री बघतो. रविवारी कसलं ऑफिस, देव जाणे.

"घरचे आबा" घालून पाहिलं, तरी बाई कोणते आबा वरच; "कंट्रोलर" घातलं, तर आईच्या तोंडून ते भलतंच निघायचं. मग मला वाटलं, मी किती हुशार. मी आबांचं पेन्शनच्या कागदावर असतं तसं पूर्ण नाव घातलं. स्वतः म्हणून पाहिलं. बाईने एका झटक्यात फोन लावला. आबांच्या गळ्यात फोन वाजला, त्यांनी हिरवं बटण दाबलं, कानाला लावला आणि माझ्याकडे बघत ऐकत बसले. मला इतका आनंद झाला! आईकडे फोन दिला. म्हटलं, "आता तू म्हण."

आईने फोन तोंडापाशी नेला आणि परत खाली घेतला.

"म्हण ना गं."

ती फोन दोन्ही हातात धरून बसून राहिली. मग तिने तो हळूच मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "त्यासनं नाव कसं लेऊ व मी?"

माझी अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे. एवढे दिवस आम्ही तिघं शिकलेली माणसं प्रोसेसर बघत होतो, आणि आई नवऱ्याचं नाव घेत नाही हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. तिने ते कधीच घेतलेलं नाही. सरकारी कागदावर विचारलं तर आम्हाला पुढे करते. दवाखान्यात विचारलं तर "लिखेल शे ना त्यामा" म्हणते. त्यांना हाक मारायची तर "आयका का", बस. आमच्याशी बोलताना आबा. आणि तेच तर चालत नव्हतं.

मी समजावलं. मी गोड बोलले, मग रागावले. म्हटलं, "अगं, फोनला सांगायचंय, माणसाला नाही."

"ती बाई आयकस ना."

"ती मशीन आहे!"

"त्या बठेल शेत ना समोर." त्या म्हणजे आबा. आबा खोळ जुळवत होते. मी म्हटलं, "त्यांना कळतंय का आता काही?" म्हणून गेले आणि जीभ चावली. आईचं तोंड एवढंसं झालं. ती म्हणाली, "त्यासले नही कळत, मले त कळस."

पण ती हट्टी असली तरी वेडी नाही. तिलाही माहीत होतं की हे जमलं पाहिजे. थोड्या वेळाने आपणच म्हणाली, उखाण्यात घेतलं तर चालेल. लग्नात घेतलं होतं, डोहाळजेवणात घेतलं होतं, तेवढं बसतं नियमात. तिने पदर नीट केला, ताठ बसली आणि फोनला म्हणाली, "पांझरेच्या पाण्यात दिवे सोडले चार..." पुढची ओळ येईपर्यंत ती जरा लाजली, थांबली. तेवढ्यात बाईने तिला पांझरा नदीचा नकाशा उघडून दिला आणि पुराची माहिती सांगायला लागली. नावापर्यंत गाडी गेलीच नाही. परत केलं, परत नदी. मी हसायला लागले. आईही हसली, पण मग म्हणाली, "आते ऱ्हाऊ दे, पोरी. दमनी मी." मीही दमले होते. मला त्या क्षणी तो फोन पांझरेत नेऊन टाकावासा वाटत होता. तरी मी भांडत राहिले. म्हटलं, "मी उद्या जाणार आहे, मला नोकरी आहे, तू हे करणार नसशील तर मी काय करू सांग." ती म्हणाली, "तू जाय." मी म्हटलं, "कशी जाऊ?"

आणि आम्ही दोघी तोंडाने भांडत असताना पलंग रिकामा झाला. खोळ घडी करून ठेवलेली. दार सताड उघडं.

मी फोन लावला. वाजून वाजून बंद; चालत असले की त्यांचं फोनकडे लक्ष नसतं. परत लावला, तेच. आईला म्हटलं, तू इथून हलू नकोस, आणि शेजारच्या काकांची स्कूटी घेऊन सुटले. आबा जातात ते स्टँडवरच जातात, म्हणून आधी पूल ओलांडून स्टँड गाठलं. सगळे फलाट फिरले. शिरपूरच्या गाडीत चढून पाहिलं. कंट्रोल केबिनमधला मुलगा म्हणाला, "आबा आज आले नाहीत, ताई." तो ओळखतो त्यांना, ते आले की खुर्ची देतो. ऊन असं, की हेल्मेटच्या आत कानशिलं तडतडत होती. बसच्या मागे बस निघत होती आणि मला वाटत होतं, यातल्या एखाद्या गाडीत बसून गेला असेल हा माणूस, आता कुठल्या गावाला उतरेल. तिथेच बाकावर बसून मी परत फोन लावला. फोन बिझी.

बिझी? त्यांना कोण फोन करणार? की कुणी उचलून त्यांच्या फोनवरून बोलतंय? परत लावला, बिझीच. मला वाटलं, कुणीतरी, हा माणूस सापडलाय, असं घरी कळवत असेल. गाडी वळवली आणि घरी आले.

दारातच आवाज आला. आधी मला कळलंच नाही की हा आवाज आईचा आहे. शेताच्या या बांधावरून त्या बांधाला हाक मारावी तसा. ती आबांचं नाव घेत होती.

मी चपला घालूनच आत गेले. ती खाली जमिनीवर बसली होती, फोन दोन्ही हातांत तोंडाला लावलेला, पदर डोक्यावरून घसरलेला. आबांचं नाव, नुसतं नाव, राव नाही की काही नाही, एकामागून एक. डोळ्यांतून पाणी चाललेलं आणि आवाज चढत चाललेला. ते नाव आमच्या घरात मी असं मोठ्याने कधी ऐकलेलं नव्हतं. मला क्षणभर लाजच वाटली, काहीतरी बघू नये ते बघितल्यासारखी.

नंतर तिने मला सांगितलं. मी गेल्यावर आधी तिने बाईला आबाले फोन लाव म्हटलं. बाई म्हणाली कोणते आबा. परत म्हटलं, परत कोणते आबा. तिसऱ्यांदा आई म्हणाली, मना आबा, माझे आबा. तर बाई म्हणाली, क्षमा करा, मला समजलं नाही. मग आईने डोळे मिटले आणि नाव घेतलं.

फोन लागला होता. पडद्यावर सेकंद पळत होते. आबांनी उचलला होता आणि नेहमीसारखे गप्प राहून ऐकत होते, आणि आईला वाटत होतं की बाईने अजून लावलाच नाही. म्हणून ती नाव घेतच होती. मी तिला सांगणार, "आई, लागलाय फोन," तेवढ्यात फोनमधून आबा बोलले.

"ओ माय!"

आईचा आवाज थांबला.

"ओ माय, आठेच शे मी," आबा म्हणाले. आवाज त्यांचाच, पण कसा तरी हलका, घाईघाईचा. "हाका नको मारू. येस मी."

मी आईकडे बघितलं. आबांना जन्मात नुसत्या नावाने एकाच बाईने हाक मारलेली, ती त्यांची माय. माझी आजी मी पाहिलेली नाही. बाकी जगाला ते आधी भाऊ होते, मग साहेब, मग आबा. आईला ते कळलं. माझ्याआधी कळलं. तिच्या चेहऱ्यावर ते कळताना मी बघत होते, आणि मला तिच्या हातातून फोन काढून घ्यावासा वाटला, पण माझा हात उचलला नाही.

आईने पदर डोक्यावर घेतला, तोंड पुसलं आणि म्हणाली, "कोठे शे रे तू?"

रे. तू. आबांना ती आयुष्यभर तुमी म्हणत आली होती.

"शाळाना दारमा बठेल शे," आबा म्हणाले. "शाळा सुटनी नही आजून."

"बठ तठेच," आई म्हणाली. "हलू नको. तुले लेवाले कोनले तरी धाडस मी."

"रागे भरशी का?"

"नही रे," आई म्हणाली. "नही भरस."

मागच्या गल्लीत पालिकेची शाळा आहे, तिथे पायरीवर ते बसले होते. रविवारची बंद शाळा, फाटकाला कुलूप. घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि मी आख्खं स्टँड पालथं घातलं होतं. फोन अजून कानाला लावलेला. मी म्हटलं, "चला आबा," तर उठले, स्कूटीवर मागे बसले आणि वाटेत एवढंच म्हणाले, "माय वाट देखी राह्यनी." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

घरी आल्यावर आईने काही विचारलं नाही. पाणी दिलं, पाय धुवायला लावले. ती परत पहिल्यासारखी झाली होती, भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात गेली, मी भाकरी टाकल्या, तिने ताटं पुसली. मला वाटलं, झालं ते झालं, एक वेळ निभावलं. स्वयंपाकघराच्या दारातून तिने नेहमीसारखी हाक मारली, "आयका का, जेवाले या." आबा पलंगावर बसलेले. त्यांनी बघितलंच नाही. तिने परत म्हटलं, "आयका का." ते खोळीची टोकं जुळवत राहिले.

तेवढ्यात दादाचा फोन आला. त्याला रात्रीपर्यंत ते ढगातले आबा उतरवायचे होते ना, त्याची आठवण झाली असावी. "काय गं, कसा आहे फोन? बॅटरी टिकतेय का?" मी म्हटलं, टिकतेय. "आणि आईचा आवाज ओळखतो का?"

"फोन ओळखतो," मी म्हटलं.

तो पुढे काहीतरी सांगत होता, अजून बदलून मिळेल, दुसरा बघायचा असेल तर बघ, आणि मी हो हो करत होते. माझ्या मागे आई दारात उभी होती. हातात फोन नव्हता, काही नव्हतं. तिने आबांचं नाव घेतलं. मोठ्याने नाही, जेवायला बोलावतात तसं.

आबांनी मान वर केली.

"उनू माय," ते म्हणाले, आणि उठून तिच्यामागे जेवायला गेले.